मामाचा साइड ड्रम पुन्हा वाजता करताना: जुना स्नेअर ड्रम घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

पितांबरीचा डबा आधी बाजूला ठेवा. जुना ड्रम माळ्यावरून खाली आला की घरातल्या प्रत्येकाचा हात पहिल्यांदा घासण्याकडेच जातो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावात मामा लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. बँड मोडला, कुणी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लागलं, कुणी गोव्याला गेलं, आणि ड्रम गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेला. वीसेक पावसाळे तो तिथेच होता. मी खाली उतरवला तेव्हा मामी म्हणाली, "चिंच लावून घास की, कसा चकाकतोय बघ." देवाच्या समईसाठी चिंच उत्तमच. पण ड्रमच्या रिंगांवर पितळावर चढवलेलं निकेल होतं, तेही झिजून पातळ झालेलं. काथ्या आणि चिंच घेऊन बसलो असतो तर ते कायमचं गेलं असतं.

स्नेअर ड्रमचा आवाज चकाकीत नसतो. तो तीन ठिकाणी असतो: शेलचा काठ, खालच्या बाजूला तारांसाठी काढलेला उतार, आणि त्या तारा. ही तीन ठिकाणं नीट झाली तर गंजके ठिपके असलेला ड्रमही सुरेख बोलतो. ती बिघडली तर आरशासारखा ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. म्हणून या लेखात काठाला जास्त जागा दिली आहे आणि पॉलिशला कमी.

शब्दांचं आधी सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे लष्करी बँडमधला 'साइड ड्रम' हा शब्द आपल्याकडे नवा नाही. ड्रमसेटमध्ये त्याच जातीच्या वाद्याला स्नेअर म्हणतात. ढोल-ताशावाल्यांसारखं मीही वरच्या-खालच्या पडद्याला 'पान' म्हणेन. मधलं लाकडी किंवा धातूचं पिंप म्हणजे शेल, पान जिथे टेकतं तो त्याचा काठ, पानावर दाबून बसते ती रिंग. रिंगेतून उतरणारे लांब बोल्ट शेलवरच्या ज्या ठोकळ्यांत फिरतात ते लग. खालच्या पानावर ताणलेल्या तारांचा जुडगा एका बाजूला स्ट्रेनरला आणि दुसऱ्या बाजूला बट प्लेटला बांधलेला असतो. स्ट्रेनरचा खटका वर केला की तारा पानाला चिकटतात, खाली केला की सुटतात.

कधी सुरू करावं

दिवाळीनंतर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दाराच्या चौकटी फुगतात, कडी लागत नाही. लाकडी शेलचंही तसंच होतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांत तर विचारूच नका. फुगलेल्या शेलचा काठ घासून सपाट केला तर ते वाळल्यावर पुन्हा वाकडं होतं. मी ड्रम नोव्हेंबरात उतरवला आणि तीन आठवडे नुसता सावलीत, वारं लागेल असा ठेवला. उन्हात ठेवू नका. एका बाजूने तापलं की प्लायचे थर सुटतात आणि वरचं मोत्यासारखं आवरण उचकटतं.

या तीन आठवड्यांत ड्रम कुणाच्या बनावटीचा आहे ते शोधा. शेलवर हवेसाठी एक भोक असतं, बिल्ला बहुधा तिथेच बसवलेला असतो. लुडविग आणि स्लिंगरलँड या मूळच्या शिकागोच्या कंपन्या, प्रीमियर ही १९२२ साली लंडनमध्ये सुरू झालेली. असा बिल्ला सापडला तर हात आखडता घ्या. मूळ आवरण काढू नका, मूळ स्क्रू फेकू नका, रंग तर अजिबात देऊ नका. जाणकार गिऱ्हाईक मूळपणाचेच पैसे देतं. मामाच्या ड्रमवर बिल्ल्याच्या जागी नुसता गोल डाग आहे. मामाला विचारलं तर म्हणाला, "मी घेतला तवाच नव्हता."

चामड्याचं पान दिसलं म्हणून ड्रम फार जुना असं समजू नका. प्लॅस्टिकची पानं १९५७ च्या सुमारास बाजारात आली, पण आपल्याकडचे बँडवाले त्यानंतरही कितीतरी वर्षं चामडंच चढवत होते.

उघडताना

मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, स्ट्रेनरचे तर जवळून दहा-बारा. मग मास्किंग टेपचे तुकडे घेऊन हवेच्या भोकाजवळच्या लगला १ आकडा द्या आणि उजवीकडे फिरत बाकीच्यांना. बोल्टला आणि रिंगेवरच्या जागेलाही तेच आकडे. वर्षानुवर्षं एकमेकांत फिरून बोल्ट आणि लग सारखे झिजलेले असतात, त्यांची जोडी मोडू नका. सुटे भाग ठेवायला अंड्यांचा ट्रे घ्या. एका खळग्यात एका लगचं सगळं सामान.

बोल्ट सोडताना एक पूर्ण काढून मग दुसरा, असं करू नका. समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा, नाहीतर सगळा ताण एका बाजूला येऊन रिंग पिळवटते. बोल्ट फिरवायची ड्रमची चावी चालत नसेल तर पक्कड लावायची घाई नको. आटे दिसतात तिथे डब्ल्यूडी-४० किंवा रॉकेलमध्ये थोडं मशीनचं तेल मिसळून दोन थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. माझ्या आठपैकी दोन बोल्टांना असे चार दिवस लागले. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. अडकलेला गंज त्या उलट्या हालचालीने तुटतो.

लग शेलवरून काढले की बऱ्याच जुन्या लगांच्या आत एक स्प्रिंग दिसेल. वाजवताना ती किणकिणते. जोडताना तिच्याभोवती फेल्टची किंवा जाड लोकरी कापडाची पट्टी गुंडाळा, किणकिण बंद होते.

शेल

आत बघा. भुश्यासारखी पिवळी पूड आणि टाचणीएवढी भोकं असतील तर किडा आहे. लाकडाला लावायचं कीडनाशक ब्रशने आतून लावा, भोकांत सिरिंजने सोडा, आणि आठवडाभर तो ड्रम घरातल्या फर्निचरपासून लांब ठेवा. बुरशी असेल तर कोरड्या ब्रशने अंगणात झाडा, तोंडाला मास्क बांधून.

काठाला बळकटी देणारी आतली लाकडी पट्टी काही जागी सुटलेली असते. नखाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो. तिथे पाण्याने किंचित पातळ केलेलं फेविकॉल कार्डाच्या कोपऱ्याने आत सरकवा. दाब द्यायला माझ्याकडे शिकंजे नव्हते. बुरूडकाम करणाऱ्या शेजाऱ्याने युक्ती सांगितली: बांबूच्या कामट्या शेलच्या व्यासापेक्षा बोटभर लांब कापायच्या आणि वाकवून आत अडकवायच्या. कामटी सरळ व्हायला बघते आणि पट्टीला बाहेरच्या बाजूला दाबून धरते. बाहेरचा थर सुटला असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ताणून गुंडाळा. २४ तास हात लावू नका.

मोत्यासारखं आवरण बहुधा सेल्युलॉइडचं असतं. ते थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी विरघळतं आणि आगीला फार लवकर पेटतं. त्याच्याजवळ मेणबत्ती, गरम हवेची बंदूक, सिगारेट काहीही नको. शाम्पूचे दोन थेंब टाकलेलं कोमट पाणी, पिळून काढलेलं मऊ फडकं, आणि शेवटी गाडीचं पॉलिश. एवढं पुरतं.

काठ

इथे दोन दिवस द्या. काचवाल्याकडून १० मिलिमीटर जाडीची, दीड फूट चौरस काच आणा आणि कडा घासून घ्या, हात कापणार नाहीत. स्वयंपाकघरातला कडप्पा सपाट दिसतो पण नसतो. मी आधी त्यावरच शेल ठेवलं आणि दोष नसलेल्या जागी दोष शोधत बसलो.

काच टेबलावर ठेवा, शेल त्यावर वरचा काठ खाली करून ठेवा, आत मोबाईलचा टॉर्च लावा, खोलीतला दिवा घालवा. काठाखालून कुठे प्रकाश गळतो ते बघत गोल फिरा. फट किती हे मोजायला गॅरेजमध्ये टॅपेट जुळवायला वापरतात तो फिलर गेज मागून आणा. ०.१ मिलिमीटरची पट्टी जात नसेल तर काठाला हात लावू नका. ०.३ च्या पुढे फट असेल तर काम आहे.

काम सोपं आहे, फक्त सावकाशीचं. १५० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर चिकटवा. काठाच्या माथ्यावर पेन्सिलीने गोल रेघ ओढा. शेल दोन्ही हातांनी हलकं धरून, दाब न देता, पेपरवर छोट्या वर्तुळात फिरवा. दहा वर्तुळं झाली की शेल पाव फेरा फिरवून हाताची जागा बदला, कारण प्रत्येकाचा एक हात जास्त दाबतो. पेन्सिल सगळीकडून पुसली गेली की थांबा. पुढे २२० आणि ४०० नंबरच्या पेपरने, हातानेच, माथ्याला आलेला सपाट पट्टा पूर्वीच्या आकारात मिळवून घ्या. आजकालच्या ड्रमांचा काठ ४५ अंशांचा धारदार असतो, पण जुन्यांचा बहुतेकदा गोलसर असतो, आणि त्यांचा जो गोड, जाडसर आवाज आपल्याला हवा असतो त्यात त्या गोलाईचा मोठा वाटा आहे. सुताराकडे कडा कापायचं राउटर मशीन आहे म्हणून नवी धार काढून आणू नका.

आता खालचा काठ, आणि इथे कृपा करून हळू. स्ट्रेनर आणि बट प्लेट जिथे बसतात, तिथे खालचा काठ मुद्दाम थोडा खोल केलेला असतो. हाच तो उतार. त्यामुळे पान त्या दोन जागी किंचित खाली वळतं आणि तारा सपाट टेकतात. टॉर्च लावल्यावर तिथून प्रकाश भरपूर गळेल. ती फट दोष नाही. मला हे ठाऊक नव्हतं. मी खालचा काठ पेपरवर ठेवून वीसेक वर्तुळं फिरवली होती. मामा खाटेवर बसून बघत होता, एकदम ओरडला, "थांब, थांब! काय करालायस? ती तारांची जागा हाय!" उतार थोडा उथळ झाला, नशिबाने गेला नाही. खालच्या बाजूला त्या दोन जागा सोडून उरलेल्या काठाचाच सपाटपणा बघा, आणि अगदीच गरज असेल तरच घासा.

शेवटी दोन्ही काठांवर पांढऱ्या मेणबत्तीचं मेण चोळून फडक्याने पुसा. पान सरकून नीट बसतं आणि लाकूड दमट हवा कमी ओढतं.

धातूच्या शेलबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियमवर क्रोम चढवलेल्या ड्रमांवर, उदाहरणार्थ लुडविगच्या सुप्राफोनिकवर, फोड आल्यासारखे खड्डे पडतात. ते घरी बरे होत नाहीत आणि आवाजाला त्रासही देत नाहीत. धुवा, मेणाचं पॉलिश लावा, सोडून द्या. उघड्या पितळाला ब्रासो चालेल. वर लॅकर असेल तर नाही.

रिंगा, बोल्ट, लग

लोखंडी बोल्ट आणि बिनमुलाम्याचे लोखंडी भाग गंजले असतील तर लिंबूसत्त्व वापरा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण न लावता, दोन-तीन तास. मग दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच पुसून वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. लग मात्र या पाण्यात कधीही टाकू नका. बहुतेक लग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात, आणि आम्ल जस्त खातं. त्यांना साबणपाणी आणि ब्रश.

क्रोमवरच्या गंजाच्या ठिपक्यांना ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलकेच घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि तपकिरी ठिपके निघतात. निकेल त्यापेक्षा नाजूक, त्याला नुसतं गाडीचं पॉलिश. घरी मुलामा चढवायचे किट घेऊ नका. क्रोम प्लेटिंगच्या द्रावणात विषारी क्रोमियम असतं; ते परवाना असलेल्या कारखान्याचंच काम.

रिंग काचेवर ठेवून डुगडुगते का बघा. थोडी वाकलेली असेल तर गुडघ्यावर टेकवून दोन्ही हातांनी, एका वेळी अगदी थोडी, सरळ करता येते. ओतीव रिंग मात्र हाताने वाकवायची नसते, ती तडकते.

बोल्ट हरवला असेल तर आपण नशिबवान जागी राहतो. बेळगाव हे फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव. उद्यमबागेत लेथवर एक बोल्ट करून देणारा माणूस सापडतो. पण जुना बोल्ट आणि लग दोन्ही बरोबर न्या. अमेरिकन ड्रमांचे आटे बहुतेक १२-२४ मापाचे, म्हणजे इंचाला २४. जुन्या ब्रिटिश ड्रमांचे वेगळे. आट्यांचं अंतर मोजायचा पिच गेज लावून माप घेतल्याशिवाय काम सांगू नका, आणि जवळपास बसतोय म्हणून जबरदस्तीने फिरवलेला बोल्ट लगचे आटे कायमचे खातो.

स्ट्रेनर आणि तारा

स्ट्रेनर पूर्ण सोडवून रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, हलत्या जागी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. जास्त तेल धूळ धरतं.

तारा तपासताना जुडगा डोळ्यासमोर आडवा धरा. एक जरी तार लोंबत असेल तर ती खरखरत राहणार. एक-दोन असतील तर कटरने मुळाशी कापून टाका. जास्त असतील तर १४ इंची ड्रमसाठीचा २० तारांचा नवा जुडगा घ्या. वाकलेली तार सरळ करण्यात वेळ घालवू नका. बांधायला मी जुन्या फाटक्या पानाच्या प्लॅस्टिकमधून १ इंच रुंद दोन पट्ट्या कापल्या. दोरीपेक्षा त्या तारा समान ओढतात. जुडगा बरोबर मध्यावर हवा, दोन्ही टोकं काठापासून सारख्या अंतरावर.

पानं चढवणं आणि मिळवणं

वरचं पान पांढऱ्या खरखरीत लेपाचं, एकपदरी, ०.२५ मिलिमीटरचं घ्या. खालचं वेगळं असतं, फक्त ०.०७५ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यावर 'स्नेअर साइड' असं लिहिलेलं असतं. दोन्हीकडे वरचंच पान लावून दिलेले ड्रम मी पाहिले आहेत. तारा कितीही आवळा, बोलत नाहीत. पान घेण्याआधी शेलचा व्यास चार दिशांनी मोजा. काही जुने ब्रिटिश ड्रम १४ इंचांपेक्षा किंचित मोठे असतात आणि आजचं पान त्यांवर उतरत नाही. पान शेलवर टाकल्यावर आपल्या वजनाने खाली बसलं पाहिजे.

वाद्यदुरुस्ती म्हटलं की आपल्याकडे मिरजेचं नाव निघतं, पण मिरजेची ख्याती तंबोरा-सतारीची. बँडच्या सामानासाठी देशात मेरठचं नाव. ड्रमचं पातळ खालचं पान मात्र मोठ्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावं लागेल. मागवताना चार दिवसांची सोय ठेवा.

खालच्या बाजूपासून सुरुवात करा. बोल्टांना व्हॅसलीनचं बोट लावा, सगळे फक्त बोटांनी आवळा. मग चावीने समोरासमोर, १ नंतर ५, ३ नंतर ७, असे अर्धा-अर्धा फेरा. सुरकुत्या गेल्या की पाव-पाव फेरा. भजनात पखवाज मिळवताना पुडीवर चहूबाजूंनी बोट मारून बघतात आणि जिथे उतरलं असेल तिथला गट्टा ठोकतात, अगदी तसंच इथे. प्रत्येक बोल्टसमोर, काठापासून इंचभर आत, काडीने हलकेच वाजवा. ज्या बोल्टपाशी सूर खाली आहे तो जरा आवळा, चढलेला सोडा. घाई नको, कान थकला की चहा घ्या आणि परत या. खालचं पान वरच्यापेक्षा घट्ट ठेवा, पण अंगठ्याने जोरात दाबून बघू नका, ते पातळ असतं.

वरचं पानही तसंच. मग खटका वर करून स्ट्रेनरचा स्क्रू हळूहळू आवळा. तारा आधी सैल भुरभुरतात, मग एका जागी कुरकुरीत बोलतात, आणि पुढे आवळलं तर आवाज गुदमरतो. मधली जागा पकडा. मध्यावर अगदी हलकी टिचकी मारा. त्यालाही तारांनी उत्तर दिलं तर काठ, उतार आणि तारा तिन्ही जमलं. तारा फक्त जोरात मारल्यावरच बोलत असतील तर जुडगा वाकडा बांधलाय. हलक्या हाताला बोलतात पण नंतर खरखर थांबतच नाही, असं असेल तर स्ट्रेनर आणि बटच्या दोन्ही बाजूंचे, खालच्या रिंगेचे चार बोल्ट किंचित सोडा. शेजारी ढोल वाजला की तारा आपोआप थरथरतील, ती मात्र या वाद्याची जात आहे. तिच्यामागे लागून ड्रम बिघडवू नका.

नवं पान पहिल्या आठवड्यात उतरतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मिळवा. काम झाल्यावर खटका खाली, तारा मोकळ्या. पावसाळ्यात ड्रम माळ्यावर किंवा जमिनीवर नको; कपाटात, सुती कापडात गुंडाळून, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलात तर आत दव धरतं. चामड्याचं पान असेल तर ते पूर्ण सैल न करता मध्यम ताणावर ठेवा, नाहीतर ते आक्रसून काठावरून वाकडं होतं.

मामाच्या बोटांत आता पूर्वीचा रोल बसत नाही. तो रोज संध्याकाळी दोन मिनिटं वाजवतो, खटका खाली करतो, आणि मी विसरेन म्हणून बट प्लेटच्या बाजूचा चौथा बोल्ट स्वतः चाचपून बघतो. तो अजूनही दर आठवड्याला अर्ध्या फेऱ्याने सैल होतो. या उन्हाळ्यात तो लग काढून त्याचे आटे लेथवाल्याला दाखवायचे आहेत.